पडणाऱ्यांचे पंख

आमच्या आप्पांना स्वतःच्या बिल्ल्यातली एकच गोष्ट पटत नसे, ती म्हणजे पंख. "छत्री बराबर हाय," ते म्हणायचे. "पर पंख कशापायी? आमी काय उडत न्हवतो. आमी पडत हुतो. उडायचा त्यो पायलट."

आप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे सगळ्यांत धाकटे भाऊ. पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले. वारणाकाठच्या आमच्या गावात फौजेत कुणी गेलं नाही असं घर शोधावं लागतं, त्यामुळे नुसत्या फौजीपणाचं कुणाला अप्रूप नव्हतं. आप्पांचं होतं, कारण ते विमानातून उड्या मारून आले होते. आम्ही पोरं विचारायचो, आप्पा, वरून काय काय दिसतं? ते म्हणत, "काय बी दिसत न्हाई. फुडच्याची पाठ दिसती."

तो बिल्ला मी पुष्कळदा हातात घेऊन पाहिला आहे. राखाडी छटेच्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने विणलेली उघडी छत्री, तिच्या दोऱ्या खाली येऊन एका ठिकाणी मिळालेल्या, आणि दोन्ही बाजूंना पसरलेले फिकट निळे पंख. एवढंच. तलवार नाही, सिंह नाही, एकही अक्षर नाही. तो छातीवर उजव्या बाजूला लावतात, खिशाच्या आणि नावाच्या पट्टीच्याही वर. डाव्या बाजूला मेडलं. आप्पांची त्यावर टिप्पणी ठरलेली होती: "डावीकडचं सरकार देतंय. उजवीकडचं ज्याचं त्यानं कमवायचं." पूर्वी डाव्या खिशावर आणखी एक लंबगोल तुकडा लावायची पद्धत होती. पंचवीस, पन्नास किंवा शंभर उड्या झालेल्यांसाठी. त्यावर नुसती छोटी छत्री असे, पंख नसत. आप्पांच्या हिशेबाने खरा बिल्ला तोच.

पंखांची ही कल्पना कुठून आली ते नजरेलाच कळतं. पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून ब्रिटिश वैमानिक छातीवर पंख मिरवत होते. 1940 च्या जूनमध्ये चर्चिलने पाच हजार छत्रीधारी सैनिकांची फौज मागितली, मँचेस्टरजवळ रिंगवेच्या विमानतळावर घाईघाईने प्रशिक्षण सुरू झालं आणि वर्ष संपेपर्यंत या नव्या जमातीला तिचा बिल्लाही मिळाला. वैमानिकाचेच पंख घेतले आणि मधोमध छत्री बसवली. छत्री पांढरी, पंख फिकट निळे, पाठीमागे खाकी. भारतीय बिल्ला त्याचाच थेट वंशज आहे. ब्रिटिशांनी मात्र एक बारीक भेद ठेवला, तो मला फार आवडतो. जो उड्या मारायला शिकला, पण छत्रीधारी पलटणीत राहिला नाही, त्याला बाहीवर नुसती छत्री मिळते, पंख नाहीत. पंख नसलेली ती छत्री विजेच्या दिव्यासारखी दिसते, म्हणून त्यांचे शिपाई तिला 'बल्ब'च म्हणतात. म्हणजे उडी मारणं ही एक गोष्ट झाली आणि उडी मारणाऱ्यांत राहणं ही दुसरी. पंख आहेत ते दुसऱ्या गोष्टीचे. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या."

आता आबांकडे येते. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या छातीवर पंख नव्हते. का नव्हते, ते सांगायला 1944 च्या मार्चमध्ये, मणिपूरच्या डोंगरात जावं लागतं.

हिंदुस्थानातली पहिली छत्रीधारी ब्रिगेड, म्हणजे पन्नासावी, ऑक्टोबर 1941 मध्ये दिल्लीला उभी राहिली. तिच्यात एक ब्रिटिश, एक हिंदी आणि एक गुरखा अशा तीन पलटणी होत्या. पहिल्या उड्या कराचीला झाल्या. छत्रीने उतरलेले पहिले हिंदी लोक दोन: लेफ्टनंट ए. जी. रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. रंगराज डॉक्टर होते, हिंदी पलटणीचे वैद्यकीय अधिकारी. शत्रूवर तुटून पडण्यासाठी तयार केलेल्या या फौजेतला पहिला हिंदी अधिकारी जखमा बांधणारा निघाला. ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत येऊन जाते, तिथे थोडं थांबायला हवं असं मला नेहमी वाटतं. हेच रंगराज पुढे साठाव्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सचे प्रमुख म्हणून कोरियाला गेले आणि 23 मार्च 1951 रोजी अमेरिकन छत्रीधाऱ्यांबरोबर मुनसान इथे आपल्या लहानशा तुकडीसह उतरले. त्यांना महावीर चक्र मिळालं.

पण पन्नासाव्या ब्रिगेडची पहिली मोठी लढाई छत्रीशिवायच झाली. जपानी फौज चिंदविन नदी ओलांडून उखरूलच्या डोंगरांत घुसली, तेव्हा ही ब्रिगेड तिथे पायदळासारखी पसरलेली होती. मागे सरत ती सांगशाक नावाच्या गावाच्या टेकडीवर एकवटली. टेकडीवर मिशनऱ्यांचं चर्च होतं. जमीन खडकाळ असल्यामुळे धड खंदक खणता येईना, काटेरी तार नव्हती आणि पाण्याची टंचाई. तिथे त्या ब्रिगेडला जोडून दिलेली एक साधी पायदळ पलटण होती, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी. आबा त्या पलटणीत होते.

आबा सांगशाकबद्दल फार बोलत नसत, आणि बोलले तर पाण्याबद्दल बोलत. रसद विमानातून यायची. छत्र्या उघडायच्या, खालची माणसं माना वर करून बघत राहायची, आणि टेकडीचा तो माथा इतका लहान की वारा थोडा फिरला तरी छत्री पलीकडे जपान्यांच्या अंगावर. बरीचशी रसद तशीच गेली. हे पुस्तकांतही आहे. पण आबा सांगायचे तेव्हा ते पुस्तकातल्यासारखं वाटत नसे. ते म्हणत, "आमी तान्हेलं, आन आमचं पाणी त्यांच्या मांडीत." 26 मार्चच्या रात्री उरलेल्यांना टेकडी सोडून निघण्याचा हुकूम आला. त्या काही दिवसांत जपान्यांचा कोहिमाकडचा वेग अडला, आणि एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेला नकाशा इम्फाळला पोचवता आला, त्याचं महत्त्व लोकांना पुढे कळलं. त्या वेळी मात्र ब्रिगेडच्या वाट्याला हरल्याचीच बोलणी आली.

आबांची आणखी एक गोष्ट घरात कुणी खरी मानत नसे. ते म्हणायचे, नंतर नंतर गोणपाटाच्या छत्र्या पडायच्या. माझी आजी म्हणायची, हो तर, आणि सुतळीचे दोर असतील. पण चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनी आपल्या युद्धस्मृतींत हेच लिहून ठेवलं आहे. रेशीम, नायलॉन मिळेना, म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून रसदीसाठी तागाच्या छत्र्या करून घेतल्या. माणसाला लावायच्या नाहीत, पण तांदळाच्या पोत्याला पुरेशा. किंमत नेहमीच्या छत्रीच्या काही अंशच. मी ते वाचलं तेव्हा आजी हयात नव्हती, नाहीतर तिला तो उतारा वाचून दाखवला असता.

युद्ध संपल्यावर हिंदी पॅराशूट रेजिमेंट नावाची जी स्वतंत्र रेजिमेंट 1945 मध्ये उभी केली होती ती वर्ष-दीड वर्षातच मोडली, आणि त्याऐवजी जुन्याच पायदळ पलटणींना छत्रीचं काम द्यायचं ठरलं. त्यांत मराठ्यांची तिसरी पलटण होती. ही पलटण अठराव्या शतकाच्या अखेरीची. इटलीत वरच्या टायबरच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी बरोबरचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाल्यावर मशीनगनचा मोर्चा एकट्याने घेणारे आणि तिथेच पडलेले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावचे लोक आजही त्यांचं नाव काढतात. अशा पलटणीला सांगितलं गेलं की आता तुम्ही विमानातून उतरायचं. मात्र अट होती की प्रत्येक माणूस आपखुशीने आलेला हवा. ज्याला नको, त्याने दुसऱ्या पलटणीत जावं. आणि दुसऱ्या पलटणींतून ज्यांना यायचं त्यांनी यावं.

आबांना विचारलं होतं. आबा नाही म्हणाले.

ही गोष्ट मला आबांनी सांगितली नाही, आप्पांनी सांगितली, आणि तीही आबा गेल्यावर. कारण काय दिलं असेल, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "त्यानं सांगशाक बगितलं हुतं. म्हनला, छत्री वाऱ्याची असती. मला वाऱ्याच्या हवाली व्हायचं न्हाई." हे सांगताना आप्पांच्या आवाजात कमीपणा नव्हता. उलट भाऊ शहाणा होता असंच त्यांना म्हणायचं होतं. तरी आबा असेपर्यंत त्यांच्यासमोर आप्पा कधी उड्यांच्या गप्पा मारत नसत, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

मला वाटतं, बिल्ल्याचा अर्थ शोधायचा तो इथे. छत्रीधारी फौजेचा ब्रिटिशांपासूनचा दंडक असा की शिकाऊ माणूस विमानाच्या दारातून मागे फिरू शकतो. त्याला शिक्षा नाही. निमूटपणे त्याला आधीच्या पलटणीत परत पाठवतात. पण एकदा पंख छातीवर लागले की दारातून मागे फिरणं हा गुन्हा, त्यासाठी कोर्ट मार्शल. दोन्ही वेळेला माणूस तोच, दार तेच, भीतीही तीच. मधे फक्त कापडाचा हा तुकडा आला. शौर्याची मेडलं झालेल्या गोष्टीबद्दल मिळतात. हा बिल्ला पुढे व्हायच्या गोष्टीचा करार आहे: यापुढे मला 'नाही' म्हणायची मुभा नको. आबांनी ती मुभा वापरली, आप्पांनी परत केली. घरातल्या दोन भावांमध्ये एवढाच फरक होता, आणि तो आयुष्यभर दोघांनाही ठाऊक होता.

आता आग्रा. फाळणीत रावळपिंडीजवळच्या चकलाल्याची प्रशिक्षण शाळा पाकिस्तानात गेली, मग आपली शाळा आग्र्याला आली. ती आजही हवाई दल चालवतं. आप्पांना ताजमहाल कसा आहे विचारलं तर ते मालपुऱ्याबद्दल सांगायचे. मालपुरा म्हणजे आग्र्याजवळचं ते मोकळं मैदान, जिथे सगळ्या उड्या होतात. आधी जमिनीवरचं शिक्षण. पाय जुळवून, गुडघे जुळवून, अंग सैल ठेवून बाजूवर लोळण कशी घ्यायची. उंच मचाणावरून दोराला बांधून उडी. विमानाचा दरवाजा लाकडाचा केलेला असे, त्यातून पुन्हा पुन्हा बाहेर पडायचं. आप्पा वयाच्या सत्तरीत अंगणातल्या ओट्यावरून उतरतानाही पाय जुळवून उतरत. आजीला त्याचा राग यायचा, तिला वाटे ते थट्टा करतात.

मग पाच उड्या. त्यातली एक रात्रीची. विमानात डोक्यावरून एक तार गेलेली असते. प्रत्येकाच्या पाठीवरच्या छत्रीचा पट्टा त्या तारेला हुकाने अडकवलेला. माणूस बाहेर पडला की पट्टा ताणला जातो आणि छत्रीला ओढून उघडतो. म्हणजे माणसाने करायचं असं काही उरत नाही, बाहेर पडण्याशिवाय. छातीवर एक जादा छत्री असते, पण उंची हजार-बाराशे फुटांची, विचार करायला सवड नाही. दाराशी तांबडा दिवा, मग हिरवा. "छत्री माता की जय" असं ओरडून माणसं बाहेर पडतात. आमच्या आप्पांची मराठ्यांची पलटण, शिवाजी महाराजांचा जयजयकार हीच तिची रणगर्जना. पण दारात उभं राहिल्यावर आपण महाराजांचं नाव घेतलं की छत्रीमातेचं, ते मला आठवत नाही असं ते प्रामाणिकपणे सांगत. पहिल्या उडीला आपल्या तोंडून आवाजच फुटला नव्हता, असंही.

छत्री कानपूरच्या कारखान्यात शिवलेली असायची. तिची घडी घालणारी माणसं वेगळी असतात. आप्पांचा सगळा आदर त्यांच्यासाठी राखीव होता. जनरलचं नाव विसरत, पण घडी घालणाऱ्या हवालदाराचं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवत होतं. 1959 साली हवाई दलाच्या डॉक्टर गीता चंदा यांनी उडी मारली, उडी मारणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आप्पा भरती झाले तेव्हा ती गोष्ट ताजी होती. दारात अडखळणाऱ्या जवानाला उस्ताद त्यांचं नाव घेऊन टोमणे मारत, असं आप्पा सांगायचे. हल्लीच्या काळात असं बोलून चालणार नाही, असंही पुढे जोडायचे.

पंख मिळाले की मरून रंगाची गोल टोपी. या टोपीचं आणि तिच्याबरोबरच्या चिन्हांचं कूळ थोडं गमतीचं आहे. ब्रिटिश छत्रीधारी फौजेचे सेनापती ब्राऊनिंग यांनी 1942 मध्ये चित्रकार एडवर्ड सिगो यांच्याकडून एक चिन्ह करून घेतलं: पंखांच्या पेगासस घोड्यावर भाला घेऊन बसलेला ग्रीक वीर बेलेरोफोन. मरून आणि फिकट निळा हे त्याचे रंग. आकाशातून येऊन राक्षसाला मारणारा पहिला योद्धा, म्हणून तो निवडला. त्याच कथेत पुढे काय होतं ते कुणी पाहिलं की नाही कोण जाणे. बेलेरोफोन गर्वाने देवांच्या डोंगराकडे निघाला आणि घोड्यावरून खाली कोसळला. उरलेलं आयुष्य लंगडत काढलं. छत्री न लावता पडणाऱ्याचं चिन्ह छत्रीधाऱ्यांनी लावलं. आप्पांना ही कथा सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

स्वातंत्र्यानंतर पन्नासाव्या ब्रिगेडने तो ग्रीक स्वार उतरवला आणि शत्रुजीत हे नाव आणि चिन्ह घेतलं. अर्धा माणूस, अर्धा घोडा, पंख असलेला, हातात शस्त्र. पॅराशूट रेजिमेंटचं ब्रीदही शत्रुजीत. नाव मार्कंडेय पुराणाच्या वळणाचं आहे. तिथे शत्रुजित हा राजा. त्याच्या राज्यात गालव ऋषी एक घोडा घेऊन येतात, आकाशातून उतरलेला, न थकता सगळी पृथ्वी फिरू शकेल असा, कुवलय नावाचा. त्या घोड्यावर बसून राजाचा मुलगा ऋतध्वज पाताळकेतू राक्षसाचा पाठलाग करतो आणि थेट पाताळात जाऊन पोचतो. म्हणजे पुराणात राजा, राजपुत्र आणि घोडा असे तिघे आहेत. बिल्ल्यावर येईपर्यंत त्यांचा एकच जीव झाला. ही जुळवणी मला बेलेरोफोनपेक्षा बरी वाटते. ऋतध्वज गर्वाने वर चढत नाही, तो कामगिरीवर खाली जातो. छत्रीवाल्यांचं कामही तेच. टोपीवरचा रेजिमेंटचा बिल्ला चांदीच्या रंगाचा आहे. उघडी छत्री, तिला कवेत घेणारे दोन पंख आणि मधून उभी कट्यार. वर सांगितलेला छातीवरचा बिल्ला मात्र कट्यारीविना. रेजिमेंट 15 एप्रिल 1952 रोजी तीन पलटणींची झाली: पहिली पंजाबची, दुसरी मराठ्यांची, तिसरी कुमाऊंची. दुसरी, म्हणजे तीच घाडग्यांची जुनी तिसरी. याच पलटणीने काश्मीरच्या पहिल्या युद्धात ब्रिगेडियर उस्मान यांच्या हाताखाली नौशेराला झुंज दिली होती. तेही पायीच.

टोपीचा मान किती, ते सगत सिंग यांच्यावरून कळतं. 1961 मध्ये त्यांना पन्नासाव्या ब्रिगेडचं नेतृत्व दिलं, तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते आणि छत्रीवाले नव्हते. ब्रिगेडियर असले तरी पंख नाहीत, मरून टोपी नाही. ते आग्र्याला गेले आणि शिकाऊ शिपायासारख्या उड्या मारून पंख घेतले, मग ब्रिगेडपुढे उभे राहिले. आप्पा तेव्हा पलटणीत नवे होते. त्यांच्या सांगण्यात या भागाला फार रंग चढायचा. ब्रिगेडियर जमिनीवर लोळतो आणि उस्ताद त्याला म्हणतो गुडघे जुळवा साहेब, हे ते करून दाखवायचे. ते प्रत्यक्ष पाहिलेलं होतं की बराकीत ऐकलेलं, मी कधी विचारलं नाही.

त्याच डिसेंबरात गोवा. दोडामार्गाकडून ब्रिगेड आत शिरली. पंजाबची पलटण बाणस्तारीच्या वाटेने, मराठ्यांची उसगाववरून फोंड्याला. "उडायचं शिकलो आन गोव्यात चिखलातनं चालत गेलो," आप्पा म्हणत. 19 डिसेंबरला फौज पणजीत शिरली, तेव्हा सगत सिंगांनी जवानांना लोखंडी शिरस्त्राणं काढून मरून टोप्या घालायला सांगितल्या. आप्पा ते बघायला नव्हते, ते फोंड्यात होते. पण सांगताना तेच पणजीच्या रस्त्यावर असायचे.

बिल्ल्यातल्या छत्रीचा हिशेब दहा वर्षांनी झाला. 11 डिसेंबर 1971, दुपार कलताना, बांगलादेशात टांगाइलजवळ. दमदम आणि कलाईकुंड्याहून निघालेली विमानं चार जातींची: एएन-12, पॅकेट, डकोटा, कॅरिबू. उतरणारी पलटण दुसरी पॅरा, कर्नल पन्नू यांची. बरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची छत्रीधारी कंपनी. काम एकच, लोहजंग नदीवरचा पुंगली पूल. तो हातात आला की मैमनसिंहकडून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट बंद.

आणि वाऱ्याने आबांचं म्हणणं खरं केलं. माणसं, तोफा, सामान लांबलांबपर्यंत विखुरलं. काही सामान तळ्यांत गेलं. आप्पा भाताच्या खाचरात उतरले आणि पहिली पाच मिनिटं त्यांना आपल्या पलटणीचं कुणीच दिसलं नाही. पण सांगशाकच्या टेकडीसारखं खाली दुश्मन नव्हता. गावकरी धावत आले. कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीचा तो मुलूख. लोकांनी तळ्यात उतरून पेट्या काढून दिल्या, डोक्यावर वाहून आणल्या. एक म्हातारी आप्पांच्या अंगावरच्या दोऱ्या सोडवायला लागली. ती काय बोलत होती ते त्यांना कळेना, आणि छत्री मिळाली तर तिला हवी आहे हे उशिरा ध्यानात आलं. संध्याकाळी पूल ताब्यात आला. रात्रभर उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांच्या रांगा तिथे येऊन आदळत राहिल्या. पुढे जमालपूरकडून खाली येणारी पहिली मराठा, जंगी पलटण, तिथेच येऊन मिळाली. छत्रीवाले मराठे आणि पायी आलेले मराठे एका पुलावर भेटले, आणि कोण कुठल्या गावचा ही चौकशी सगळ्यात आधी झाली म्हणे. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. 16 डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरणाऱ्यांत दुसरी पॅरा होती.

आप्पांच्या पेटीत एका वर्तमानपत्राचं कात्रण होतं. आकाश छत्र्यांनी भरलेलं, खाली मजकूर टांगाइलचा. घरात पाहुणे आले की वडील ते काढायचे. आप्पा दर वेळी सांगायचे, "ह्यो फोटू आमचा न्हाई. ह्यो मालपुऱ्याचा हाय." पाहुण्यांना वाटे म्हातारा विनय करतोय. खरं म्हणजे आप्पांचं बरोबर होतं. टांगाइलचा फोटो हाताशी नव्हता, म्हणून सैन्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांनी आदल्या वर्षीच्या, आग्र्याजवळच्या सरावाचा फोटो वर्तमानपत्रांना दिला. सरावात अख्खी ब्रिगेड उतरली होती. जगाने तो पाहिला आणि धरून चाललं की ढाक्याच्या दाराशी ब्रिगेडच उतरली आहे. ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींनाही उतरलेली फौज होती त्याहून कितीतरी मोठी वाटत होती. ती होती एक पलटण आणि जोडीला थोडे तोफखान्याचे, सॅपरचे लोक. त्या फोटोने त्या आठवड्यात किती काम केलं असेल याचा हिशेब कुणाला मांडता येणार नाही. आप्पांना एवढंच म्हणायचं असे की त्या फोटोतसुद्धा मी आहे, फक्त ती माझी वेगळी उडी आहे.

2019 च्या जूनमध्ये वर्ल्ड कपची मॅच चालली होती, साऊदॅम्प्टनला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. धोनीच्या ग्लोव्हजवर कट्यारीचं चिन्ह दिसलं आणि दोन दिवस टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. आयसीसीने ते काढायला सांगितलं. माझा पुतण्या धावत आला, "आप्पा, तुमचा बिल्ला टीव्हीवर आलाय!" आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. "त्यो माझा न्हवं. त्यो कमांडोंचा, बलिदानचा. आमच्या छातीवरल्यात कट्यार न्हाई." निवेदक मात्र मोठ्या आवाजात त्याला पॅराचा बिल्ला, पॅराचे पंख, काय वाटेल ते म्हणत होता. आप्पांची जुनी पलटण आता स्पेशल फोर्सेसची झाली आहे, तेव्हा ती कट्यारही आता तिचीच, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते त्यांना ठाऊक होतं आणि फारसं रुचलेलं नव्हतं.

"पर त्यानं उड्या मारल्यात का?" त्यांनी विचारलं.

मारल्यात, मी म्हटलं. प्रादेशिक सेनेत त्याला मानद लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आहे. 2015 मध्ये आग्र्याला रीतसर शिकून, विमानातून.

"मालपुऱ्याला?"

हो.

"कंच्या विमानातनं?"

एएन-32.

"आमच्या टायमाला पॅकेट," आप्पा म्हणाले आणि खुर्चीत पुढे सरकले. "लई हालायचं. आन दोन दारं, मागच्या अंगाला. उजव्या दारातनं पडनाऱ्यानं…" आणि तिथून त्यांनी पॅकेट विमानाच्या दोन दारांतला फरक सांगायला घेतला. टीव्हीवर आफ्रिकेची दोन षटकं होऊन गेली, एक विकेट पडली, पुतण्या ओरडला, आणि आप्पा अजून डाव्या दारापर्यंत आलेच नव्हते.